खेळाच्या संगणकाची हार्ड डिस्क बदलतांना

दादरच्या एका बिऱ्हाडांतील प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. रात्रीं दहाचा सुमार आहे. जेवणें आटोपलीं आहेत. थोरली मुलगी कॉलेजचा अभ्यास संपवून (निदान तिचें म्हणणें तसें आहे) आपल्या संगणकावर खेळ लावून बसली आहे. खेळ सुरू होण्यापूर्वीं पडद्यावर जी पट्टी हळूहळू भरत जाते ती एरवीं मिनिटभरांत भरते. आज ती अर्ध्यावर येऊन थबकते. संगणकाच्या पेटींतून 'टक् टक्, टक् टक्' असा बारीक आवाज येतो, थांबतो, पुन्हां येतो. मुलगी यंत्र बंद करून पुन्हां लावते. या खेपेस तें जागें होण्यासच पांच मिनिटें घेतें. "बाबा, हार्ड डिस्क गेली वाटतं," ती म्हणते. बाबा वर्तमानपत्रांतून मान वर न करतां विचारतात, "नवी केवढ्याला पडते?"

प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आई स्वयंपाकघराच्या दारांतून विचारते. "आणि आजोबांचं रेकॉर्डिंग कुठं आहे?"

तें तेथेंच आहे. आजोबा असतांना त्यांच्या तोंडून ऐकलेल्या लहानपणच्या आठवणी कोणाच्या तरी फोनवर उतरवून घेतल्या होत्या. फोन भरला तेव्हां त्या संगणकावर गेल्या, आणि 'नंतर नीट लावूं' म्हणून तशाच राहिल्या. खेळासाठीं घेतलेल्या संगणकाचें बहुतेक घरीं असेंच होतें. घरांतील सर्वांत मोठी जागा त्याच्याच पोटांत असते. म्हणून लग्नाचीं छायाचित्रें, प्राप्तिकराचे कागद, कोणाचा तरी प्रबंध, हें सारें माळ्यावर सामान ढकलावें तसें तेथें जाऊन पडतें. त्यामुळें नवी डिस्क निवडण्याचा विषय दुकानांत सुरू होत नाहीं. जुन्या डिस्कवर काय आहे, आणि त्यांतलें काय पुन्हां मिळूं शकतें, येथून तो सुरू होतो.

खेळ पुन्हां मिळतात. स्टीमसारख्या ठिकाणीं विकत घेतलेला खेळ खरेदीदाराच्या खात्यावर नोंदलेला असतो, आणि तो कितीहि वेळां उतरवून घेतां येतो. दीडशें गिगाबाइटचा खेळ शंभर मेगाबिटच्या जोडणीवर उतरावयास सव्वातीन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. पैसा लागणार नाहीं. विंडोजहि नव्यानें बसवतां येतें. परंतु खेळांत आजवर केलेली मजल, खेळणारीं मुलें जिला 'सेव्ह' म्हणतात ती, निराळी गोष्ट आहे. पुष्कळ खेळांच्या सेव्ह-फायली आतां आपोआप दूरच्या सर्व्हरवर जातात, पण सगळ्या खेळांच्या जात नाहींत. आणि ज्या जात नाहींत त्या खेळाच्याच फोल्डरांत असतील असेंहि नाहीं. 'डॉक्युमेंट्स'मध्यें, 'सेव्ह्ड गेम्स'मध्यें, किंवा 'अ‍ॅपडेटा' नांवाच्या नेहमीं दृष्टीआड असणाऱ्या फोल्डरांत त्या दडून बसतात. मोठ्या काळजीनें खेळाचें फोल्डर उतरवून घ्यावें आणि दोनशें तासांची कमाई मागेंच राहावी, असा प्रकार या अज्ञानामुळें घडतो. दोनशें तासांची गोष्ट ऐकून वडील माणसांस हंसूं येईल. मात्र ज्यानें बुद्धिबळाचा अर्धा राहिलेला डाव रात्रभर पटावर तसाच ठेवला असेल, त्याला तें येणार नाहीं.

आतां त्या 'टक् टक्'चा अर्थ. हार्ड डिस्कच्या डब्यांत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. घरगुती संगणकांत त्या बहुधा मिनिटाला ७२०० वेळां फिरतात, आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या कांहीं नॅनोमीटर अंतरावर वाचणारें-लिहिणारें डोकें एका दांडीच्या टोकाशीं तरंगत असतें. या दांडीस आपला मार्ग सांपडेनासा झाला कीं ती मूळ जागीं परत येते आणि पुन्हां प्रयत्न करते. तोच हा आवाज. नुसताच संगणक अडखळत असेल आणि आवाज नसेल, तर कधीं कधीं दोष सैल झालेल्या केबलचा निघतो, व ती बदलून पाहण्यास खर्च नगण्य असतो. पण टक्‌टक् ऐकूं येऊं लागली म्हणजे डिस्कचें उरलेलें आयुष्य मोजकें समजावें, आणि प्रत्येक वेळीं यंत्र चालू करणें हा त्या शिलकेंतील खर्च समजावा. अशा डिस्कवर दुरुस्तीचे लांबलचक प्रोग्रॅम चालवूं नयेत. सगळी डिस्क जशीच्या तशी उतरवण्याचा हट्ट धरूं नये. एक बाहेरची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडावा, आणि जें जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहीं तें आधीं काढावें: आजोबांचा आवाज, मग छायाचित्रें, मग कागदपत्रें, मग सेव्ह-फायली. खेळ सर्वांत शेवटीं, किंवा मुळींच नाहीं. आजोबांचें तासाभराचें ध्वनिमुद्रण एखाद्या मोठ्या खेळाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी जागा व्यापतें, आणि तरीहि घाईंत लोक खेळ आधीं उतरवूं लागतात, कारण तोच डोळ्यांसमोर असतो. डिस्क संगणकाला दिसेनाशीच झाली असेल, तर घरचे प्रयत्न तेथेंच थांबवावेत. तिचा डबा उघडून पाहण्याचें धाडस तर कोणीहि करूं नये. जेथें अंतरें नॅनोमीटरांनीं मोजलीं जातात तेथें घरांतील धुळीचा कण म्हणजे धोंडा होय. असें काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण त्यांचा आकार नव्या डिस्कच्या किंमतीच्या कितीतरी पट असतो.

डिस्क असा आवाज करण्यापूर्वीं कांहीं सूचना देते काय? देते, पण नेहमीं नाहीं. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. या नोंदीस 'स्मार्ट' असें नांव आहे आणि 'क्रिस्टलडिस्कइन्फो'सारख्या विनामूल्य मिळणाऱ्या प्रोग्रॅमनें ती वाचतां येते. सर्व ठीक असेल तर तो निळा रंग दाखवतो, संशय असेल तर पिवळा, आणि वाईट असेल तर तांबडा. निकामी ठरून राखीव जागेंत हलवलेल्या भागांची संख्या, आणि वाचतां न आल्यामुळें तूर्त बाजूस ठेवलेल्या भागांची संख्या, हे दोन आंकडे वाढूं लागले कीं सावध व्हावें. गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो या तिघांनीं २००७ सालीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणींत पहिली चूक आढळल्यानंतर साठ दिवसांच्या आंत डिस्क बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असें त्यांत दिसून आलें. पण त्याच अभ्यासांत असेंहि आढळलें कीं, बंद पडलेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं चार मुख्य सूचनांपैकीं एकहि दिली नव्हती. तांबडा रंग दिसला तर विश्वास ठेवावा. निळा दिसला म्हणून निर्धास्त राहूं नये.

इतकी तजवीज झाली म्हणजे बाबांच्या प्रश्नाकडे वळण्यास हरकत नाहीं. नवी घ्यावयाची ती कोणती? पूर्वींसारखी फिरणारी, कीं जिला एसएसडी म्हणतात ती, जींत फिरणारा एकहि भाग नाहीं अशी?

फिरणाऱ्या डिस्कचें घराणें जुनें आहे. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं 'रॅमॅक' नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या एकावर एक बसवलेल्या होत्या, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कवर त्याच्या लाखों पट मजकूर राहतो. परंतु वाचण्याची मूळ तऱ्हा तीच राहिली आहे: चकती फिरणार, दांडी सरकणार, आणि हवा असलेला भाग डोक्याखालीं येईपर्यंत थांबावें लागणार. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. एक फेरा सुमारें सव्वाआठ मिलिसेकंदांचा. सरासरीनें अर्ध्या फेऱ्याची वाट पाहणें आलें. त्यांत दांडी सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले म्हणजे एक ठिकाण गांठावयास बारा-तेरा मिलिसेकंद होतात. सेकंदाला अशीं ऐंशीच्या आसपास ठिकाणें. सलग मांडलेला चित्रपट वाचावयाचा असेल तर हें पुरेसें आहे. पण खेळ हा सलग नसतो. त्यांत हजारों बारीक तुकडे असतात. भिंतीचा रंग, पायवाटेचा आवाज, झाडाचें पान, हे सर्व निरनिराळ्या कोपऱ्यांतून गोळा करावे लागतात.

यावर खेळ रचणाऱ्यांनीं एक युक्ति काढली होती. एकच वस्तु डिस्कवर ठिकठिकाणीं पुन्हां पुन्हां लिहून ठेवावयाची, म्हणजे दांडीला फार लांब जावें लागूं नये. सोनीचे मार्क सर्नी यांनीं मार्च २०२० मधील आपल्या व्याख्यानांत सांगितलें कीं, 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' या खेळांत कांहीं वस्तूंच्या चारशें चारशें प्रती डिस्कवर ठेवाव्या लागल्या होत्या. दुसरें उदाहरण तर अधिक बोलकें आहे. 'हेलडायव्हर्स २' हा खेळ संगणकावर सुमारें १५४ गिगाबाइट जागा अडवीत असे. २०२५ च्या अखेरीस त्याच्या कर्त्यांनीं या जादा प्रती काढून टाकल्या, आणि तो सुमारें २३ गिगाबाइटवर आला! फिरती डिस्क वापरणाऱ्या थोड्यांच्या सोयीसाठीं बाकीच्या सर्वांच्या घरांतील जागा अडली होती. आणि मोजून पाहतां त्या सोयीचा उपयोगहि फारसा नव्हता, असें त्यांना आढळून आलें.

एसएसडींत दांडी नाहीं, चकती नाहीं. तिच्या चिपांत विद्युत्‌भार कोंडून ठेवण्याचे सूक्ष्म कप्पे असतात. जपानांतील तोशिबा कंपनींत फुजिओ मासुओका यांनीं हा 'फ्लॅश' स्मृतीचा शोध लावला, आणि आज सर्वत्र वापरांत असलेली 'नँड' जातीची रचना १९८७ मध्यें मांडली. पुष्कळसा मजकूर एकदम पुसला जातो, कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखा, म्हणून 'फ्लॅश' हें नांव सहकाऱ्यानें सुचवलें अशी हकीकत आहे. येथें कोणतेंहि ठिकाण सारखेंच जवळ. बारा मिलिसेकंदांचें काम मिलिसेकंदाच्या लहानशा अंशांत होतें. म्हणूनच २०२० मध्यें आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्यें फिरती डिस्क ठेवलीच नाहीं, आणि २०२३ मधील 'बाल्डर्स गेट ३' व 'स्टारफील्ड' या मोठ्या खेळांच्या संगणकासाठींच्या अटींत एसएसडी असावी असें स्पष्ट लिहिलेलें आहे. खेळासाठीं फिरती डिस्क आज पुन्हां घेणें म्हणजे वीज आल्यावर कंदिलाची नवी कांच आणण्यासारखें आहे. या मुद्द्यावर मतभेदास फारशी जागा उरलेली नाहीं.

मतभेद पुढें सुरू होतो, आणि तेथेंच पैसे वांया जातात.

दुकानांतील खोक्यांवर वेगाचे आंकडे ठळक छापलेले असतात. फिरती डिस्क सेकंदाला दीडशें ते अडीचशें मेगाबाइट देते. साटा केबलनें जोडावयाची एसएसडी साडेपांचशें. एनव्हीएमई जातीची, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गानें चालणारी, साडेतीन हजार. चौथ्या पिढीची सात हजार. पांचव्या पिढीची चौदा हजारांपर्यंत. आंकडे खोटे नाहींत. पण ते सलग वाचनाचे आहेत, आणि खेळ उघडतांना संगणक केवळ वाचीत नसतो. वाचलेलें उलगडीत असतो, रचीत असतो, तपाशीत असतो. हें काम प्रोसेसरचें, आणि तो डिस्कसाठीं थांबण्याचा टप्पा साटा एसएसडीवरच बहुतांशीं संपतो. फिरत्या डिस्कवर मिनिटभर घेणारा खेळ साध्या एसएसडीवर पंधरा-वीस सेकंदांत उघडला, तर तिच्या कितीतरी पट वेगवान एसएसडीवर आणखी एक-दोन सेकंद वांचतील. क्वचित् त्याहून अधिक. मायक्रोसॉफ्टची 'डायरेक्टस्टोरेज' ही योजना मार्च २०२२ पासून खेळ रचणाऱ्यांस खुली आहे, आणि तिच्या योगानें वेगवान एसएसडीचा अधिक उपयोग करतां येतो. परंतु तिचा खरा लाभ घेणारे खेळ मोजकेच निघाले. आणखी एक समजूत मुलांमध्यें पसरलेली आहे ती येथेंच काढलेली बरी. पडद्यावर सेकंदाला किती चित्रें उमटतात तें ग्राफिक्स कार्डावर आणि प्रोसेसरवर अवलंबून असतें. डिस्क बदलल्यानें त्यांत वाढ होत नाहीं. मोठ्या मोकळ्या प्रदेशांत हिंडतांना मध्येंच बसणारे धक्के मात्र एसएसडीनें कमी होतात.

दादरच्या बिऱ्हाडांतील संगणक २०१९ सालीं घेतलेला आहे असें धरावें. त्या वेळीं पैसे ग्राफिक्स कार्डावर खर्च झाले आणि डिस्क स्वस्तांतली, एक टेराबाइटची फिरती, अशी राहिली. त्याचा मदरबोर्ड तिसऱ्या पिढीचा मार्ग देतो. त्यांत चौथ्या पिढीची एसएसडी बसेल आणि विनातक्रार चालेल, पण तिसऱ्या पिढीच्याच वेगानें. पांचव्या पिढीची घेणें ही उधळपट्टी. शिवाय ती तापते फार. तेव्हां वेगाच्या आंकड्याआधीं मदरबोर्डाची माहिती-पुस्तिका काढावी. ती हरवलेली असते हें गृहीत धरून चालावें. कंपनीच्या संकेतस्थळावर ती मिळते.

पुस्तिकेंत पाहावयाचें तें हें. बोर्डावर 'एम.२' नांवाची चपटी आडवी खांच आहे काय? असल्यास ती किती लांबीची पट्टी घेते? सर्वसाधारण एसएसडी बावीस मिलिमीटर रुंद आणि ऐंशी मिलिमीटर लांब असते, म्हणून तिला '२२८०' म्हणतात. नंतरची पायरी बहुतेकांस चकवते. एम.२ हें आकाराचें नांव आहे, जातीचें नव्हे. त्याच आकाराच्या पट्टींत साटा जातीची एसएसडी येते आणि एनव्हीएमई जातीचीहि येते. दोन्ही हातांत घेतल्या तर नवख्यास सारख्याच वाटतात. कांहीं खांचा दोन्ही चालवतात, कांहीं एकच. चुकीची पट्टी बसवली तर कांहीं जळत नाहीं, पण संगणकाला ती दिसतहि नाहीं, आणि मग सगळे घर नवीन डिस्कच बिघडलेली आहे अशा निष्कर्षास येतें. कित्येक बोर्डांवर आणखी एक गंमत असते. एम.२ खांच वापरली कीं साटा जोडणीचीं एक-दोन तोंडें आपोआप बंद होतात. जुनी डिस्क नेमकी त्यांतल्याच तोंडास लावलेली असली तर ती एकाएकीं नाहींशी झाल्यासारखी वाटते. केबल शेजारच्या तोंडांत घातली कीं परत येते. खांचच नसेल तर निराश होण्याचें कारण नाहीं. अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी, जुन्याच केबलांवर ती चालते. खेळणाऱ्यास मिळणारा बहुतेक लाभ तीहि देते.

आकारमान किती असावें यावर घरांत वाद होतो, आणि वादांत बहुधा मुलें बरोबर असतात. बाल्डर्स गेट ३ साठीं १५० गिगाबाइट जागा लागते, स्टारफील्डसाठीं १२५. असे तीन-चार खेळ आणि विंडोज घातलें कीं पांचशें गिगाबाइट संपले. त्यांतून पांचशेंची डिस्क संगणकांत पाहावी तर ४६५ दिसते, एक टेराबाइटची ९३१. दुकानदारानें फसवलें असें वाटून लोक परत जातात. फसवणूक नाहीं, कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीनें, इतकेंच. शिवाय एसएसडी गच्च भरली कीं मंदावते. पांचवा-सहावा हिस्सा मोकळा ठेवावा. या हिशेबानें एक टेराबाइट ही आज किमान मर्यादा मानावी, आणि भाव फार चढलेले नसतील तर दोनची घ्यावी. वेगावर वाचवलेले पैसे येथें खर्चावेत.

खोक्यावर ठळक न छापलेली एक गोष्ट आहे ती विचारून घ्यावी. एका कप्प्यांत तीन बिट सांठवणाऱ्या एसएसडीस टीएलसी म्हणतात, चार सांठवणारीस क्यूएलसी. तीन बिटांसाठीं विद्युत्‌भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, चारांसाठीं सोळा. पातळ्या जितक्या जवळ, तितकें लिहिणें सावकाशीचें आणि आयुष्य कमी. क्यूएलसी डिस्कवर आरंभीं लिहिणें झपाट्यानें होतें. मोठा खेळ उतरवतां उतरवतां तिची जलद राखीव जागा संपली कीं वेग एकदम घसरतो, कधीं कधीं फिरत्या डिस्कच्याहि खालीं. आयुष्याची मात्र अवास्तव धास्ती नको. एक टेराबाइटच्या चांगल्या टीएलसी डिस्कवर ६०० टेराबाइट लिहीपर्यंत कारखान्याची हमी असल्याचें आढळतें. रोज पन्नास गिगाबाइट लिहिले तरी हा आंकडा गांठावयास बत्तीस वर्षांहून अधिक काळ लागेल; इतका एकच खेळ पुरवणारी मुलगी सांपडणें कठीण. दोहोंच्या किंमतींत फरक थोडा असेल तर टीएलसी घ्यावी. जुने खेळ नुसते ठेवण्यासाठीं दुसरी डिस्क हवी असेल तर क्यूएलसीहि चालेल.

आणि फिरती डिस्क? तिला घरांतून अगदींच हांकलून देऊं नये. छायाचित्रें आणि आजोबांचा आवाज यांसाठीं ती अजूनहि स्वस्त आणि योग्य आहे. वापरून झिजलेली एसएसडी विजेवांचून कपाटांत वर्षानुवर्षें पडून राहिली तर तिच्या कप्प्यांतील भार हळूहळू गळूं शकतो. लोहचुंबकावर लिहिलेलें तितक्या लवकर पुसत नाहीं. घेतांना मात्र 'एसएमआर' कीं 'सीएमआर' हें विचारावें. एसएमआर डिस्कवर लिहिण्याच्या रेषा कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळें जागा वाढते, पण पुनःपुन्हां लिहिणें अतिशय मंद होतें. कारखानदार हा भेद खोक्यावर सांगत नव्हते ही गोष्ट २०२० सालीं उघडकीस आली, आणि पुष्कळ ओरड झाल्यावर त्यांनीं याद्या प्रसिद्ध केल्या. प्रती ठेवावयास एसएमआर चालते. खेळ चालवावयास नव्हे.

खरेदीस दादरहून धीम्या गाडीनें ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जाण्याची पद्धति अजून मोडलेली नाहीं. पुण्याचे लोक तापकीर गल्लींत जातात. घरबसल्या मागवणाऱ्यांनीं विक्रेता कोण आहे तें पाहावें. चार-आठ टेराबाइटची एसएसडी मातीमोल भावानें दिसली तर ती लबाडी समजावी. आंत लहानसें मेमरी कार्ड निघतें आणि संगणकाला मोठा आंकडा दाखवण्याची तजवीज केलेली असते. २०२५ च्या आरंभीं जर्मनींत वापरलेल्या फिरत्या डिस्का नव्या म्हणून विकल्या गेल्याचें उघड झालें होतें. वर सांगितलेली 'स्मार्ट' नोंद येथेंहि उपयोगी पडते. नवी डिस्क लावतांच तिनें किती तास काम केलें आहे तें पाहावें. अर्थात् ही नोंद पुसतांहि येते, म्हणून पावती आणि भारतांतील अधिकृत हमी यांना पर्याय नाहीं. भाव केव्हां उतरतील याचें भाकीत करण्यांत अर्थ नाहीं. २०११ सालीं थायलंडांत महापूर आला तेव्हां फिरत्या डिस्कांच्या किंमती जगभर भडकल्या. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनीं चिपा उचलल्यामुळें एसएसडी महाग झाल्या. ज्याची डिस्क टक्‌टक् करीत आहे त्यानें उताराची वाट पाहूं नये.

बसवण्याचें काम अर्ध्या तासाचें आहे आणि तें घरीं होतें. वीज बंद करून तार काढावी, पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी, पट्टी तिरकी खांचेंत सरकवावी, आणि खालीं दाबून बारीक स्क्रूनें आवळावी. हा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो. मदरबोर्डाबरोबर आलेल्या पिशवींत तो असतो, आणि ती पिशवी २०१९ सालींच कोठें तरी ठेवलेली असते; दुकानांतूनच एक मागून घ्यावा. वरून उष्णता शोषणारी पट्टी लावावयाची असेल तर तिच्या आंतल्या बाजूचें प्लास्टिकचें पातळ आवरण आठवणीनें सोलावें. तें तसेंच ठेवून 'नवी डिस्क फार तापते' अशी तक्रार करणारे थोडे नाहींत.

जुनी डिस्क धडधाकट असेल तर तिची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर करून घेतां येते. टक्‌टक् करणारीच्या बाबतींत विंडोज नव्यानेंच बसवावें, आणि मग सेव्ह-फायली आपापल्या जागीं ठेवाव्यात. जुनी लगेच टाकूं नये; महिनाभरानें कोणाला तरी कांहीं तरी आठवतें. ती हमीच्या मुदतींत असली तर बदलून मिळते, पण बदल्यांत जुनी कारखान्याकडे जाते आणि तिच्यावरील प्राप्तिकराचे कागदहि तिच्याबरोबर जातात. हा सौदा पटतो कीं नाहीं तें ज्याचें त्यानें ठरवावें.

दादरच्या बिऱ्हाडांत बाबांनीं एक टेराबाइटची, तिसऱ्या पिढीची टीएलसी एसएसडी आणि दोन टेराबाइटची बाहेरची फिरती डिस्क अशा दोन वस्तु आणल्या असें समजावें. मुलीला दोनची एसएसडी हवी होती. पुढच्या दिवाळीस पाहूं, असें ठरलें. खेळाचा आवाज, पट्टी, टक्‌टक् सर्व थांबलें. मात्र एसएसडी जातांना आवाजहि करीत नाहीं. काल चालत होती, आज नाहीं, एवढेंच कळतें. तें मुलीनें जेवतांना सांगितलें, तेव्हां आईनें ताटावरून मान वर करून पुन्हां तोच प्रश्न विचारला. आजोबांच्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर होती. दुसरी त्याच रात्रीं पेन ड्राइव्हवर काढली गेली आणि रविवारीं आत्याबरोबर नाशिकला गेली. खेळ तेवढा राहिला होता. तो साडेअकराला उतरवावयास लावून मुलगी झोपली.